पान लागल्यापासून सुई टोचेपर्यंत

मण्यार चावली तर फारसं दुखत नाही, आणि तिची खरी भीती तीच आहे. मध्यरात्रीनंतर ती उंदरामागे किंवा दुसऱ्या एखाद्या सापामागे घरात शिरते. जमिनीवर गोधडी टाकून कुणीतरी झोपलेलं असतं. झोपेत कूस बदलताना हात तिच्यावर पडतो आणि ती चावते. तिचे दात इतके बारीक असतात की डास चावला असं वाटून माणूस पुन्हा झोपी जातो. सकाळी अंग धुंडाळलं तरी खूण सापडेलच असं नाही. पहाटे पोटात कळ येते. घरचे ओवा देतात, गरम पाणी देतात. मग घसा दाटून येतो, पापण्या उघड्या ठेवता येत नाहीत, बोलणं अडखळतं. उजाडेपर्यंत श्वास घेणारे स्नायूही हार मानू लागतात. या सगळ्यात तो माणूस शुद्धीवर असतो. त्याला हलता येत नाही, डोळे उघडता येत नाहीत, पण भोवतालची रडारड त्याला ऐकू येत असते.

नाग किंवा घोणस चावली तर निदान काय झालं ते कळतं. गावाकडं रात्री सापाचं नावही घेत नाहीत. पान लागलं म्हणतात, लांबडं म्हणतात. शब्द कोणताही असो, तो कानावर पडताच वाडीभर पळापळ सुरू होते. पुढच्या दोन-तीन तासांत ही पळापळ कुठल्या दिशेनं जाते, यावर त्या माणसाचं जगणं ठरतं.

यावरचं औषध नवं नाही. फ्रेंच शास्त्रज्ञ आल्बेर काल्मेत यांनी 1890 च्या दशकात सर्पविषावर प्रतिविष तयार केलं. पद्धत आजही मुळात तीच आहे. घोड्याला विषाच्या अगदी छोट्या मात्रा टोचायच्या, त्याच्या रक्तात विषाविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊ द्यायची आणि ती वेगळी काढून शुद्ध करायची. परळच्या हाफकिनचं नाव महाराष्ट्रात या औषधाशी पिढ्यान् पिढ्या जोडलेलं आहे. त्यासाठी लागणाऱ्या विषाचा मोठा वाटा तामिळनाडूतले इरुला आदिवासी पुरवतात. चेन्नईजवळ 1978 मध्ये स्थापन झालेल्या त्यांच्या सहकारी संस्थेत साप पकडून त्यांचं विष काढतात आणि मग साप पुन्हा सोडून देतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर चालणारं एकच मिश्र प्रतिविष आपल्याकडे वापरतात. सरकारी दवाखान्यात ते फुकट मिळतं.

तरीही 2000 ते 2019 या वीस वर्षांत भारतात सर्पदंशानं सुमारे 12 लाख माणसं मेली. वर्षाला सरासरी 58 हजार. 2016 ते 2020 या वर्षांसाठी सरकारी आरोग्य यंत्रणेच्या नोंदीत हा आकडा वर्षाला 2 हजारांच्या आसपास आहे. ही तफावत कुणाच्या लबाडीतून आलेली नाही. यंत्रणा दवाखान्यातले मृत्यू मोजते आणि सर्पदंशाची बहुतेक माणसं दवाखान्यात मरत नाहीत. ती घरी मरतात, वाटेत मरतात, मांत्रिकाच्या ओट्यावर मरतात. 2001 ते 2003 मधल्या मृत्यूंच्या अभ्यासात दिसलं की यातले जेमतेम 23 टक्के मृत्यू दवाखान्यात झाले होते.

58 हजारांचा आकडा कसा मिळाला, तेही सांगायला हवं, कारण तीसुद्धा एक तंत्रविद्या आहे. भारताचं महानिबंधक कार्यालय आणि टोरंटोतले प्राध्यापक प्रभात झा यांच्या ‘मिलियन डेथ स्टडी’त कार्यकर्ते देशभरातून निवडलेल्या लाखो घरांत गेले. अलीकडे कुणी गेलं असेल तर घरच्यांशी बोलून शेवटच्या दिवसांची हकीगत लिहून घेतली. कुठे दुखत होतं, काय दिसलं, कुठे नेलं. ते कागद दोन डॉक्टरांनी एकमेकांना न विचारता वाचले आणि मृत्यूचं कारण ठरवलं. दोघांचं जुळलं नाही तर पुन्हा तपासलं. डॉक्टरच्या सहीचा दाखला ज्यांच्या मरणाला कधी मिळाला नसता, ती माणसं अशी हिशेबात आली. बहुतेक मृत्यू खेड्यांत आणि निम्मे जून ते सप्टेंबरच्या चार महिन्यांत होतात, हे त्यातूनच पक्कं झालं. सर्पदंशानं मरण्याची शक्यता देशात सरासरी दर 250 जणांत एकाला आहे, सत्तरीच्या आत.

औषध आहे, फुकट आहे, शंभर वर्षांहून जुनं आहे आणि तरी माणूस मरतो. याचा अर्थ मरण मधल्या वेळेत दडलेलं आहे. घरातून रस्त्यापर्यंत, रस्त्यापासून दवाखान्यापर्यंत आणि दवाखान्याच्या दारापासून शिरेत सुई जाईपर्यंतचा हा वेळ. सर्पदंशावर कुणी नवं तंत्रज्ञान आणलं की मला पहिला प्रश्न हाच पडतो: यानं यातली किती मिनिटं वाचतात? चमकदार यंत्रं या प्रश्नापाशी अडखळतात आणि अगदी साध्या वस्तू उत्तीर्ण होतात.

याचा सगळ्यात स्वच्छ पुरावा नेपाळच्या तराईत मिळाला. पूर्वेच्या झापा जिल्ह्यात दमक नावाचं गाव आहे. सपाट भातशेती, उष्ण दमट हवा, नाग आणि मण्यार भरपूर. गावात रेडक्रॉसचं सर्पदंश उपचार केंद्र आहे. धरानच्या वैद्यकीय संस्थेतले डॉ. संजीवकुमार शर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी घरोघर जाऊन कोण वाचलं आणि कोण गेलं ते तपासलं. दोन गोष्टी ठळकपणे समोर आल्या. जे मेले त्यांना लगेच वाहन मिळालं नव्हतं आणि त्यातले बरेच आधी झाडफूक करणाऱ्याकडे गेले होते. या दोन गोष्टी एकमेकींना धरूनच असतात. मांत्रिक पाच घरं पलीकडे राहतो आणि रात्री दोनलाही दार उघडतो. दवाखाना वीस किलोमीटरवर असतो आणि रात्री तिथं जायला काहीच नसतं. अशा वेळी माणूस जवळच्या दाराशी जातो. त्याला अंधश्रद्ध म्हणून हिणवण्याआधी त्याच्या दारात वाहन उभं करून बघायला हवं.

दमकमध्ये नेमकं तेच केलं. भोवतालच्या गावांतल्या मोटारसायकल असलेल्या तरुणांची यादी केली. त्यांची नावं आणि फोन नंबर गावभर पोहोचवले. कधीही हाक आली तर निघायचं, भाडं घ्यायचं नाही. रुग्णाला मध्ये बसवायचं, पुढे चालवणारा, मागे त्याला धरून बसणारा एक जण. मागचा माणूस फार महत्त्वाचा. मण्यारीच्या किंवा नागाच्या विषानं मान टाकणाऱ्या रुग्णाला तोच सावरतो. चारचाकी जिथे चिखलात रुतते, त्या बांधावरून मोटारसायकल निघून जाते. बरोबर गावोगाव सांगितलं की चिरायचं नाही, चोखायचं नाही, घट्ट बांधायचं नाही, चावलेला हात-पाय हलू द्यायचा नाही आणि थेट केंद्रावर यायचं. चार गावांत हे केल्यावर सर्पदंश झालेल्यांत मरणाऱ्यांचं प्रमाण 10.5 टक्क्यांवरून 0.5 टक्क्यांवर आलं. औषध, केंद्र आणि साप तेच राहिले. बदललं ते फक्त पोहोचण्याचं साधन आणि दिशा. एवढ्या थोड्या खर्चात एवढा फरक पाडणारी आरोग्य योजना शोधून सापडणं कठीण.

त्याच भागातल्या दुसऱ्या एका अभ्यासानं तर दंशच कसा टळतो ते दाखवलं. झोपेत साप चावलेल्यांची त्यांच्याच शेजाऱ्यांशी तुलना केली. 2007 मध्ये छापलेला निष्कर्ष असा की मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना दंश होण्याचा धोका विलक्षण कमी होता. मच्छरदाण्या आणल्या होत्या डासांसाठी. अडला मात्र सापही. त्यासाठी मच्छरदाणीची कड चारी बाजूंनी गादीखाली किंवा चटईखाली नीट खोचलेली हवी, लोंबत राहिली तर उपयोग नाही. एवढं पाळलं तर जमिनीवर झोपणाऱ्यालाही मण्यारीपासून मोठं संरक्षण मिळतं. आपल्याकडे हे सर्वांत आधी पोहोचायला हवं ते ऊसतोड मजुरांकडे. पाचटाच्या कोपीत जमिनीवर अंथरूण असतं, भोवती कापलेला आणि उभा ऊस, त्यात उंदीर, उंदरांमागे साप. तोडणीसाठी माणसं पहाटे अंधारातच निघतात. अशा कुटुंबाला उचल देताना मुकादमानं किंवा कारखान्यानं चार मच्छरदाण्या, दोन बॅटऱ्या आणि पायात गमबूट दिले, तर तो खर्च हंगामाच्या हिशेबात दिसणारही नाही. बॅटरीचं महत्त्वही असंच दुर्लक्षित राहतं. घोणस वाटेवर वेटोळं करून पडलेली असते, माणूस जवळ आला तरी ती हटत नाही आणि अनवाणी पाय थेट तिच्यावर पडतो. हातात उजेड असला की हा दंश टळतो.

वाहनाचा प्रश्न महाराष्ट्रात 2014 पासून 108 क्रमांकाच्या रुग्णवाहिकेनं बराच हलका केला. 937 गाड्यांनी सुरू झालेल्या या सेवेमुळे कितीतरी जीव वाचले आहेत. पण ती पोहोचते ती रस्ता असेल तिथेच. गडचिरोलीत पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. साप मात्र याच दिवसांत बिळांत पाणी शिरल्यानं बाहेर पडलेले असतात. जवळच्या हेमलकशातल्या लोकबिरादरी प्रकल्पाच्या दवाखान्यानं सर्पदंशाचे रुग्ण अनेक दशकं सांभाळले, त्याची किंमत अशा रात्री कळते. डोंगरातल्या पाड्यावरून डांबरी रस्त्यापर्यंत रुग्ण आजही डोलीतून येतो. दमकची मोटारसायकल अशा ठिकाणी हवी. मोटारसायकली आता पाड्यापाड्यावर आहेत, तरुणही आहेत. फक्त यादी, पेट्रोलचा भरवसा आणि आशाताईच्या फोनमध्ये त्यांचे नंबर नाहीत.

समजा, रुग्ण दवाखान्यात पोहोचला. तिथला उशीर बाहेरून दिसत नाही, म्हणून त्यावर कुणी बोलत नाही.

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कपाटात प्रतिविषाच्या बाटल्या असतात. आपल्याकडे ते बहुतेक ठिकाणी कोरड्या भुकटीच्या रूपात येतं. त्याला फ्रिज लागत नाही, उन्हापासून जपलं तर ते वर्षानुवर्षं टिकतं. वीज बेभरवशाची असलेल्या भागासाठी ही सोय लाखमोलाची आहे. वापरताना प्रत्येक बाटलीत दहा मिलिलिटर पाणी घालून ती दोन तळहातांत धरून हळूहळू फिरवायची. खळखळून हलवली तर फेस येतो आणि औषध नीट विरघळत नाही. सुरुवातीलाच आठ-दहा बाटल्या सलाईनमधून द्याव्या लागतात. लहान मुलालाही तेवढ्याच, कारण सापानं मूल बघून विष कमी सोडलेलं नसतं.

इथे नवा डॉक्टर थबकतो. औषध घोड्याच्या रक्तातून आलेलं, काही रुग्णांना त्याची तीव्र ॲलर्जी येते. अंगावर गांधी उठतात, रक्तदाब कोसळतो, श्वास कोंडतो. अशा वेळी ॲड्रेनलिनचं इंजेक्शन मांडीच्या स्नायूत दिलं की बहुतेक रुग्ण सावरतात. ते भरून हाताशी ठेवणं हीच त्यावरची तयारी. पण मध्यरात्री एकटा असलेला डॉक्टर, दारात जमलेला पन्नास जणांचा जमाव आणि काही वाईट झालं तर काय होईल याची धास्ती. तो चिठ्ठी लिहितो आणि जिल्ह्याला पाठवतो. आणखी दोन तास जातात. या डॉक्टरवर राग काढून काही साधत नाही; त्याच्या बाजूला दुसरं कुणी उभं नाही, हा दोष यंत्रणेचा आहे. म्हणून मला वाटतं, सर्पदंशात मोबाइलचा सर्वोत्तम उपयोग इथे आहे: केंद्रातल्या डॉक्टरनं अनुभवी डॉक्टरला व्हिडिओ कॉल करावा, रुग्णाच्या पापण्या आणि दंशाची जागा दाखवावी आणि पलीकडून ‘सुरू कर, मी आहे लाइनवर’ असं कुणीतरी म्हणावं. देशभर असे डॉक्टरांचे व्हॉट्सअ‍ॅप गट चालू आहेत. ते कुणाच्या तरी भलेपणावर चालतात. ते सरकारी कामाचा भाग व्हायला हवेत, रात्रपाळी लावून.

दवाखान्यातलं दुसरं साधन म्हणजे एक काचेची नळी. घोणस आणि फुरशाचं विष रक्त गोठवणाऱ्या घटकांनाच आधी कामाला लावून संपवतं. मग हिरड्यांतून, लघवीतून, कुठूनही रक्त वाहू लागतं. घोणशीच्या विषानं मूत्रपिंडंही बंद पडतात. हे सुरू झालंय का, ते ओळखायला यंत्र लागत नाही. रुग्णाचं दोन मिलिलिटर रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचं, उभं ठेवायचं आणि वीस मिनिटं त्याला हातही लावायचा नाही. मग नळी एकदाच तिरकी करायची. रक्ताचा गोळा बसून राहिला तर तूर्त ठीक, पाण्यासारखं वाहिलं तर विष भिनलं आहे, प्रतिविष सुरू करा. नळी काचेचीच हवी, कारण काचेचा पृष्ठभाग रक्ताला गोठायला लावतो. प्लास्टिकच्या नळीत हे होत नाही. नळी साबणानं धुतलेली असली तरी निकाल चुकतो. आज सगळीकडे प्लास्टिकच्या नळ्या आल्या आहेत आणि काही रुपयांची काचेची नळी नेमकी गरजेच्या वेळी सापडत नाही. कोट्यवधींच्या यंत्रसामग्रीच्या निविदा निघतात तेव्हा प्रत्येक केंद्राला शंभर कोऱ्या काचेच्या नळ्या द्या, एवढीही एक ओळ त्यात असावी.

मण्यार आणि नागाच्या रुग्णाला ही चाचणी काही सांगत नाही. त्यांचं विष नसांवर चढतं. मण्यारीचं विष नसांची टोकंच बिघडवतं. एकदा ते आत गेलं की प्रतिविष झालेलं नुकसान भरून काढू शकत नाही, फक्त पुढचं थांबवतं. मग टोकं पुन्हा वाढेपर्यंत, कधी कित्येक दिवस, त्या माणसाचा श्वास दुसऱ्यानं चालवावा लागतो. मोठ्या रुग्णालयात व्हेंटिलेटर असतो. तिथवर नेताना हातानं दाबायची रबरी श्वासपिशवी, अंबू बॅग, हेच यंत्र. ती दाबत राहणारा माणूस दमून थांबला नाही तर रुग्ण जगतो. गाडीत अशी पिशवी आणि ती वापरता येणारे दोन हात नसताना रुग्णाला पुढे पाठवणं म्हणजे त्याला वाटेत सोडून देणंच.

एवढं सगळं जमू शकतं, याचं उदाहरण पालघरच्या डहाणूत आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मुंबईतल्या संस्थेनं तिथल्या डॉक्टरांना सर्पदंशाच्या उपचाराचं प्रशिक्षण दिलं आणि त्याबरोबर गावोगावच्या भगतांनाही बोलावलं. भगताचा मान ठेवूनच त्याला सांगितलं की तुझ्याकडे आलेल्याला थांबवू नकोस, पुढे पाठव. भगताच्या तोंडून ‘दवाखान्यात जा’ हे निघालं की पाड्यावरचा माणूस जातो. शहरातून आलेल्या फलकावर तेच छापलेलं असलं तरी जाईलच असं नाही. विंचवाच्या बाबतीत महाराष्ट्रानं असा पल्ला आधीच मारला आहे. महाड परिसरात डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी वापरून मृत्यूचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आणलं. जे औषध आधीपासून दुकानात होतं, त्याचा उपयोग कोकणातल्या दवाखान्यात बसून शोधला गेला.

आता चमकदार यंत्रांकडे वळू. सापाचा फोटो काढला की त्याची जात सांगणारी ॲप आली आहेत आणि संगणकाला हजारो चित्रं दाखवून ती सुधारत आहेत. अभ्यासकाला, सर्पमित्राला ती उपयोगी आहेत. पण दंश झालेल्याच्या घरच्यांनी फोटोसाठी सापामागे धावणं म्हणजे दुसऱ्या दंशाला आमंत्रण. आपलं प्रतिविष चारही सापांवर चालतं आणि उपचार लक्षणं बघून सुरू होतात. त्यामुळे साप कोणता हे कळलं नाही म्हणून डॉक्टर अडत नाही. सहज दूरून फोटो मिळाला तर ठीक, नाहीतर निघा. साप पळवून लावणारी अल्ट्रासॉनिक यंत्रंही बाजारात आहेत. सापाला ऐकू येतात ते खालच्या पट्टीतले आवाज आणि जमिनीची थरथर. माणसाच्याही कानापलीकडचा तीव्र आवाज त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. त्या पैशांत चांगली बॅटरी येते. ड्रोननं औषधं नेण्याचे प्रयोग तेलंगणात विकाराबादला 2021 मध्ये झाले आणि दुर्गम भागासाठी त्यांचं मोल आहे. पण जे औषध फ्रिजशिवाय कपाटात वर्षानुवर्षं टिकतं, ते आणीबाणीत उडवत आणण्यापेक्षा पावसाळ्याआधीच पोहोचवून ठेवणं सोपं आहे. पूर आलेल्या भामरागडसारखी ठिकाणं त्याला अपवाद ठरू शकतील.

एक ॲप मात्र मला मनापासून पटतं. केरळच्या वनविभागाचं ‘सर्पा’. घरात साप दिसला की त्यावर कळवायचं. ती जागा जवळच्या प्रशिक्षित, विभागाचं प्रमाणपत्र असलेल्या सर्पमित्रांना दिसते आणि कुणीतरी येऊन साप घेऊन जातो. प्रतिविष असलेल्या रुग्णालयांची माहितीही त्यावरच मिळते. केरळात वर्षाला शंभरावर असलेले सर्पदंशाचे मृत्यू हे ॲप आल्यावरच्या काही वर्षांत पन्नासच्या खाली आले. सगळं श्रेय ॲपला देता येणार नाही, तिथले रस्ते आणि दवाखाने मुळात चांगले आहेत. तरी साप कुणी पकडायचे आणि कुणी नाही, हेही या ॲपमुळे ठरतं. स्टंट करत नाग हातात नाचवणाऱ्यांना त्यात जागा नाही. महाराष्ट्रात सर्पमित्रांची फार मोठी, निःस्वार्थ फळी आहे आणि त्यांतले काही दरवर्षी दंशानं जातात. त्यांना असा शासकीय आधार, हूक, नळी, पिशवी आणि विमा मिळायला हवा.

प्रयोगशाळेतलं कामही याच घड्याळाकडे बघून चाललंय. एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशागणिक बदलतं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत कार्तिक सुनगर यांच्या प्रयोगशाळेनं दाखवलं की तामिळनाडूतल्या सापांच्या विषावर बेतलेलं प्रतिविष देशातल्या इतर काही भागांत कमी पडतं. 2024 मध्ये याच प्रयोगशाळेच्या सहभागानं नाग आणि मण्यारीच्या कुळातल्या सापांच्या एका घातक विषगटावर प्रयोगशाळेत घडवलेलं मानवी प्रतिपिंड जाहीर झालं. त्यात घोडा नाही, म्हणून ॲलर्जीची धास्तीही कमी होण्याची आशा आहे. त्याच विषगटाला अडवणारी नवी प्रथिनं, रसायनशास्त्राचे 2024 चे नोबेल मानकरी डेव्हिड बेकर यांच्या चमूनं 2025 मध्ये संगणकावर आखली. ही दोन्ही कामं अजून उंदरांवर आहेत. माणसांपर्यंत पोहोचलेली गोष्ट म्हणजे व्हॅरेस्प्लाडिब ही गोळी. भारतात आणि अमेरिकेत तिची चाचणी झाली. सरसकट सगळ्या रुग्णांत अपेक्षित फायदा सिद्ध झाला नाही, पण दंशानंतर पाच तासांच्या आत ज्यांना ती मिळाली त्यांच्यात आशेच्या खुणा दिसल्या. अशी गोळी आशाताईच्या पेटीत बसू शकते. दवाखाना गाठेपर्यंत विषाला थोडं रोखणारं काहीतरी वस्तीवरच मिळणं, हे सर्पदंशाच्या इतिहासात आजवर घडलेलं नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनं सर्पदंशाचे मृत्यू आणि अपंगत्व 2030 पर्यंत निम्म्यावर आणायचं ठरवलं. भारतानंही मार्च 2024 मध्ये तेच उद्दिष्ट ठेवून राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. त्याच वर्षी केंद्रानं राज्यांना सर्पदंश हा कळवणं बंधनकारक असलेला आजार करा, असं सांगितलं. कर्नाटकानं ते आधीच केलं होतं. सरकारी असो वा खासगी, प्रत्येक दवाखान्यानं प्रत्येक दंश कळवायचा. महाराष्ट्रात गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा योजनेतून सर्पदंशानं गेलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला 2 लाख रुपये मिळतात. पण त्यासाठी कागद लागतात आणि घरी मेलेल्या माणसाचे कागद तयार होत नाहीत. शिवाय भूमिहीन मजूर त्यात बहुधा बसतच नाही. नोंद सक्तीची झाली की प्रत्येक दंशाबरोबर गाव, तारीख, वेळ, कशानं आणलं, पहिली बाटली किती वाजता लागली, हे लिहिता येईल. ते नकाशावर टाकलं तर कोणत्या तालुक्यात मण्यार जास्त, कुठे घोणस, कुठल्या केंद्रात रुग्ण दाराशी येऊनही दोन तास सुई लागत नाही, हे स्वच्छ दिसेल. मग मे महिन्यातच त्या केंद्रात बाटल्या, काचेच्या नळ्या आणि अंबू बॅग पोहोचवता येतील, भाताची लावणी सुरू व्हायच्या आत. त्या नोंदवहीत एक रकाना दंशाच्या वेळेचा आणि एक पहिल्या इंजेक्शनच्या वेळेचा असावा, एवढी तजवीज आराखडा अमलात आणणाऱ्यांनी आत्ताच करून ठेवावी.